प्रतिसाद: इम्प्लांटआधी हाड भरणं
निपाणीच्या ताईंनी विचारलंय, दाढ काढून ३ वर्षं झाली, आता इम्प्लांटआधी (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावतात, त्याआधी) हाड भरायला सांगतात, ते खरंच लागतं का? लागू शकतं, ताई. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. माझ्या आईचं हाड झिजलंय हे सीबीसीटी स्कॅनमध्येच (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) कळलं. हाड भरून ५ महिने थांबलो, मगच स्क्रू बसवला. खानापूरहून बेळगावच्या खेपा झाल्या, पण घाई केली नाही तेच बरं झालं.

भरायची पावडर कशाची, हे मात्र आधी विचाराच. काही गाईच्या हाडापासून केलेल्या असतात. आम्हाला ते उशिरा कळलं, आईच्या मनाला फार लागलं. कृत्रिमही मिळते. आणि मिश्री लावत असाल तर कृपा करून बंद करा, तंबाखूनं जखम नीट भरत नाही. शुगरही तपासून घ्या.