फातिह अकिन यांच्या चित्रपटात योगायोग अति झाले आहेत का?

रामबागकर (इंदूर) :
आमच्या मराठी मित्रमंडळात पुढच्या चर्चेसाठी तुर्की वंशाचे जर्मन दिग्दर्शक फातिह अकिन यांचा २००७ सालचा ‘द एज ऑफ हेवन’ निवडला आहे. पटकथेसाठी त्याला कान महोत्सवात पारितोषिक मिळाले आणि माझी शंका नेमकी पटकथेबद्दलच आहे. हाम्बुर्गच्या विद्यापीठात जर्मन साहित्य शिकवणारा नेजात ज्या आयतेनला शोधायला इस्तंबूल गाठतो, ती एकदा त्याच्याच व्याख्यानाला वर्गात झोपलेली असते. पुढे तिची जर्मन मैत्रीण लोटे इस्तंबूलला येते, ती खोलीही त्याच्याचकडे भाड्याने घेते. एखाद्या मराठी नाटककाराने असे लिहिले असते, तर आपण नाके मुरडली असती. मग इथे ते का खपवून घ्यावे?

जुना प्रेक्षक :
आपण नाके मुरडतो ती योगायोगाने ताटातूट झालेली माणसे शेवटी भेटतात म्हणून. इथे योगायोग माणसांना हाकेच्या अंतरावर आणतो आणि भेटू मात्र देत नाही. शिवाय पहिल्या भागाचे शीर्षकच ‘येतेरचा मृत्यू’ (येतेर ही आयतेनची आई) आणि दुसऱ्याचे ‘लोटेचा मृत्यू’ असल्यामुळे, पुढे काय होणार याची उत्सुकता दिग्दर्शकाने आपणहून काढून घेतली आहे. उरते ते एवढेच, की पात्रांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. येतेरची शवपेटी इस्तंबूलच्या विमानतळावर उतरते आणि पुढे लोटेची तिथूनच जर्मनीकडे निघते, ही दोन दृश्ये लागोपाठ ठेवली असती तर ती भडक झाली असती. त्यांच्यात बरेच अंतर असल्यामुळे दुसऱ्या वेळी पहिली पेटी आपसूक आठवते.

माळवी वाचक :
वरील मत पटते. मात्र या येण्याजाण्यामागचा इतिहासही चर्चेत यावा. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात १९६१ साली कामगारभरतीचा करार झाला, १९७३ मध्ये भरती थांबली, पण थोड्या वर्षांसाठी म्हणून आलेली माणसे तिथेच स्थायिक झाली. ब्रेमेनमध्ये राहणारा नेजातचा विधुर बाप अली त्याच पिढीचा वाटतो. त्याच्या हातून येतेरचा जीव जातो, तो तुरुंगात जातो आणि शेवटी त्याला तुर्कस्तानात परत पाठवले जाते. मुलगा मात्र प्राध्यापकी सोडून स्वेच्छेने इस्तंबूलमधले जर्मन पुस्तकांचे दुकान घेतो, आणि ते विकणाऱ्या जर्मन माणसाला मायदेशाची ओढ लागलेली असते. चार पिढ्या इंदुरात काढूनही लग्नाची बोलणी निघाली की पुण्याकडे पाहणाऱ्या आपल्या लोकांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

रामबागकर :
दोघांचेही आभार. न भेटण्याचा मुद्दा मान्य, पण लोटेच्या मृत्यूबद्दल समाधान झालेले नाही. आयतेनने लपवलेले पिस्तूल ती घेऊन निघते, रस्त्यावरची मुले तिची पिशवी पळवतात आणि त्याच पिस्तुलाने तिला गोळी लागते, हे मला अजूनही ओढूनताणून आणल्यासारखे वाटते.

जुना प्रेक्षक :
त्या प्रसंगापुरता मीही आपल्या बाजूचा आहे. तरी त्यानंतर हॉटेलच्या खोलीत एकट्या पडलेल्या लोटेच्या आईचे, सुझानचे, दृश्य जरूर लक्षपूर्वक पाहावे. सुझानची भूमिका करणाऱ्या हाना शिगुला यांचा चेहरा जवळून न दाखवता कॅमेरा छतालगत स्थिर ठेवला आहे, आणि खाली ती बाई वेळकाळाचे भान हरपून कोसळताना दिसते. चर्चेच्या वेळी चित्रपट थांबवायचाच असेल, तर कृपया हे दृश्य पूर्ण झाल्यावर थांबवावा.