भूल दिली की ‘मी’ जातो कुठे?

मानेवाडाकर:
मागच्या महिन्यात माझं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "१०० पासून उलटे आकडे म्हणा." सलाईनच्या नळीतून दुधासारखं पांढरं औषध सरकताना दिसलं, मनगटात जरा जळजळलं, ९७ पर्यंत आलो. त्याच्या पुढचं मला दिसलं ते थेट छतावरची ट्यूबलाईट. मधले दोन तास नाहीतच. झोपेतून उठलं की रात्र गेल्याचा अंदाज असतो, कूस बदलल्याचं पुसटसं आठवतं. इथे ९७ आणि ट्यूबलाईट एकमेकांना चिकटलेले होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जाणीव हे मेंदूचंच काम आहे, दुसऱ्या कशाचंही नाही. त्या पांढऱ्या औषधाचे, प्रोपोफॉलचे, रेणू चेतापेशींवरच्या गाबा ग्राहकांना (पेशीला शांत करणारा संदेश झेलणाऱ्या जागांना) धरतात, पेशींचं आपसातलं बोलणं तुटतं आणि ‘मी’ उरत नाही. शरीराहून वेगळा आत्मा असता, तर त्या दोन तासांत तो निदान जागा तरी राहिला असता. ज्यांना हे पटत नाही त्यांनी का पटत नाही ते सांगावं. मला खरंच ऐकायचंय.

महालकर:
रेडिओतले सेल काढले की गाणं थांबतं, म्हणून गाणं सेलमध्ये होतं असं आपण म्हणत नाही. मेंदू नसेल तर जाणीव प्रकट होत नाही, इतकंच तुमच्या ऑपरेशनवरून ठरतं. ती मेंदूतून निर्माण होते, हे नाही ठरत.

दुसरं, दोन तास आठवत नाहीत आणि दोन तास जाणीव नव्हती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाढ झोपेतून उठलेला माणूस ‘छान झोप लागली’ म्हणतो. ते छान वाटणं कुणीतरी पाहिलं म्हणूनच म्हणतो ना? वेदान्तात त्याला साक्षी म्हणतात. तुम्ही साक्षी नाही म्हणता, पण पुरावा देता तो फक्त स्मृती नसल्याचा.

मानेवाडाकर:
काका, सेट बिघडला तर खरखर येते, पण बातम्या देणाऱ्याची मतं बदलत नाहीत. मेंदूला इजा झाली तर माणसाचा स्वभाव बदलतो.

त्याहून मोठं उदाहरण देतो. फिट्स आवरत नव्हत्या म्हणून काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला दुवा कापला होता. अशाच रुग्णांवरच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. पुढे मायकल गॅझॅनिगांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फ पडलेलं अंगण. समोरच्या चित्रांमधून जुळणारं निवडायचं होतं. उजव्या मेंदूच्या ताब्यातल्या डाव्या हाताने फावडं निवडलं. बोलतो तो डावा मेंदू, त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं कशाला, असं विचारल्यावर तो जराही न अडखळता म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला. स्टेशन एकच असेल, तर एका डोक्यात हे दोन निवेदक कुठून आले?

रामटेकवाला:
भाऊ बरोबर बोलून राहिले. आमच्या इकडे चैत्रात मोहफुलं पहाटे टपटप गळतात. बाया अंधारात टोपले घेऊन जातात, फुलं अंगणात वाळवतात. मग पाण्यात भिजत घातले का काही दिवसांत वर फेस येते. फुलात नशा नव्हती, पाण्यातही नव्हती, आंबवल्यावर आली. चार्वाकांनी हेच सांगितलं होतं, का किण्व, म्हणजे आंबवण, वगैरे मिसळल्यावर जशी मदशक्ती येते, तसं माती-पाणी-आग-वारा या महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य येते. वरून आणून टाकाव लागत नाही. आता यात आत्मा काहून घुसवता?

इतवारीची:
रामटेकवाले भाऊ, उदाहरण छान आहे, पण त्यातच तुमची अडचण दडली आहे. मोहाची दारू बाटलीला चढत नाही. ती चढायला पिणारा लागतो, म्हणजे ज्याला काही जाणवतं असा कुणीतरी आधीच हवा. रसायनं आंबवून अल्कोहोल बनतं हे पूर्ण समजावता येतं. पण ‘चढणं’ त्या हिशोबात कुठेच येत नाही.

मी आत्मा मानत नाही, महालकर काकांच्या बाजूने बोलत नाहीये. तरी मानेवाडाकरांना प्रश्न घाईने सुटल्यासारखा वाटतोय असं मला वाटतं. एप्रिलअखेरीस कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावतो, मोटर सुरू करतो, आणि पहिल्या ओल्या झोताबरोबर तो वास खोलीत येतो. त्याची वाट सगळी ठाऊक आहे. नाकातले ग्राहक (ते ज्या जनुकांतून घडतात त्यांच्या शोधासाठी बक आणि ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल), मग घ्राणकंद (मेंदूतला वासाचा भाग), मग मेंदूचं कवच. प्रत्येक टप्प्यावर विजेचे ठोके मोजता येतात. पण त्या ठोक्यांना वाळ्याचा वास का येतो? ठोके पडले, बटण दाबलं गेलं, काम झालं, असं आतल्या अंधारात का होत नाही? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं ते यासाठीच.

‘पेशींचं बोलणं’ एवढ्यानेही भागत नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत. तरी जन्मतःच लहान मेंदू नसलेली माणसं जाणिवेनिशी जगलेली आहेत. तोल जातो, बोलणं जड होतं, पण ‘मी’ शाबूत. मग नेमकं कोणतं बोलणं? बार्स आणि डहान हे संशोधक म्हणतात, माहिती मेंदूभर जाहीर होते तेव्हा जाणीव होते. टोनोनी म्हणतात, माहिती किती घट्ट एकवटलेली आहे त्यावर ते ठरतं. दोन्ही पक्षांनी आधी भाकितं लिहून दिली, २५६ जणांवर प्रयोग झाले, २०२५ मध्ये निकाल छापून आला. दोघांचीही काही महत्त्वाची भाकितं चुकली. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये चाल्मर्सशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये ते हरले आणि वाइनची पेटी देऊन मोकळे झाले.

मानेवाडाकर:
पैज हरले म्हणजे मुदत चुकली, दिशा नाही. जीवनशक्ती, म्हणजे सजीवांतच असते असं मानलेली खास शक्ती, हेही एकेकाळी कोडंच होतं. रसायनशास्त्रज्ञ वोलरने १८२८ मध्ये सजीवांच्या शरीरात बनणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि हळूहळू ते कोडं विरत गेलं. हेही विरेल.

इतवारीची:
जीवनशक्ती ही बाहेरून दिसणाऱ्या हालचालींचं कारण म्हणून मानलेली गोष्ट होती. हालचाली समजल्या, तिची गरज संपली. वास ही मानलेली गोष्ट नाही. तो येतोय.

इंदोरा:
दोन्ही बाजू एक मालक गृहीत धरून बोलताहेत असं मला दिसतं. महालकरांना तो शरीराबाहेर हवाय, मानेवाडाकर म्हणतात मेंदू बंद झाला की मालक गेला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्मा साफ नाकारला, पण जाणीव नाकारली नाही. काया आहे तिथे तिच्यासोबत विज्ञान, म्हणजे जाणीव, असतं, हे सांगताना ते दाखला देतात विद्युतक्षेत्राचा. ते असेल तिथे चुंबकीय क्षेत्र असतंच, असं ते लिहितात. ते वरून उतरत नाही, आणि त्याला मालकही नाही. मला दीक्षाभूमीच्या मातीत वाढल्यामुळे हे जवळचं वाटतं, हे मान्य. पण निव्वळ श्रद्धेने म्हणत नाहीये. गॅझॅनिगांच्या रुग्णाने खुराड्याची जी गोष्ट रचली, तशी ‘मी’ची गोष्ट आपण सगळे दिवसभर रचत असतो.

अजनीची सिस्टर:
मी १४ वर्षं आयसीयूत काम करते. वाद वाचला, चांगला आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पक्षाघाताचे एक बाबा होते. डोळे उघडे, पण कुणाकडे नजर नाही, हात दाबला तरी प्रतिसाद नाही. मुलं खाटेशीच शेताच्या वाटणीचं बोलायची. पाच आठवड्यांनी बाबांना हळूहळू उमगायला लागलं. पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवत त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती विहिरीची, की ती धाकट्याला द्यायची नाही, दोघांची राहील. मोठा मुलगा तिथेच खाली बसला.

मेंदूशास्त्रज्ञ ॲड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये अशाच अवस्थेतल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग जागा होतो, तोच तिच्याही झाला. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या २४१ प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांची अशीच तपासणी छापून आली, ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. तुमचं कोण जिंकतं ते ठरेपर्यंत आमच्याकडचा माणूस खाटेवर आहे. त्याच्याशी बोला. वार सांगा, ऊन किती आहे ते सांगा, वाटणीचं बाहेर जाऊन बोला.

मानेवाडाकर:
सिस्टर, तुमचं वाचून मी बायकोला विचारलं. ती म्हणते, मी ट्यूबलाईट पाहिल्याचं सांगतो त्याआधी १५ मिनिटं तिच्याशी बोलत होतो. काटोलच्या संत्र्याच्या बगिच्यात पाणी सोडलं का, अंबिया बहर गळेल, असं तीनदा विचारलं. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

महालकर काका, आठवण आणि जाणीव वेगळी, हा तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. दोन तास मी नव्हतो हे मी ज्या आधारावर म्हणत होतो, तो आधार कच्चा होता. मेंदूचंच काम हे माझं मत मात्र तसंच आहे. नोंद ठेवणारा भाग उशिरा जागा झाला.

महालकर:
मान्य केलंत, बरं वाटलं. मग एवढं सांगा, त्या १५ मिनिटांत बहराची काळजी कुणाला होती?

इंदोरा:
काळजी होती, काका. ‘कुणाला’ हे त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं.