मागी लोकांचा तारा आणि पत्रिका: किशोरवर्गासाठी मदत हवी आहे

संडे स्कूलच्या १३ ते १६ वयोगटासाठी राशिभविष्य, हस्तरेषा आणि टॅरो यांवर ४५ मिनिटांचा पाठ घ्यायचा आहे. बायबलमधली मनाईची वचनं तयार आहेत: अनुवाद १८:१०-१२, यशया ४७:१३-१४. प्रेषितांची कृत्ये १६ मधला भविष्य सांगणाऱ्या दासीचा प्रसंग तर फारच उपयोगी पडतो. ती प्रेषित पौलाबद्दल खरं तेच बोलत होती, तरी त्याने तिच्यातला आत्मा घालवला. त्यामुळे 'पण भविष्य खरं ठरतं ना' याला उत्तर मिळतं.

अडतं मत्तय २ पाशी. मागी लोक (पूर्वेकडून आलेले, तारे पाहणारे ज्ञानी) ताऱ्यावरून बाळ येशूपर्यंत पोचले, मग पत्रिका का नको, असं मुलं विचारतात. बेथलेहेम हे गाव ताऱ्याने नाही, मीखा संदेष्ट्याच्या वचनाने (५:२) कळलं, असं सांगून पाहिलं. त्यावर मुलं ९ वं वचन दाखवतात: तारा पुन्हा पुढे चालतो! कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २११६ वाचला. त्यात मनाई स्पष्ट आहे, पण ताऱ्याचा उलगडा नाही.

काही मुलांची आई किंवा वडील हिंदू आहेत, घरी पत्रिका आहे. त्यामुळे आजी-आजोबांची टिंगल किंवा सैतानाची भीती नको आहे.

देवाने तारा दाखवणं आणि माणसाने ताऱ्यांना भविष्य विचारणं, यातला फरक मत्तय २ मधूनच कोणत्या क्रमाने उलगडावा?