सल्ला हवा: वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शेअर्ड मेमरीला कुठलं लॉक लावू?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडे आहे. लिनक्सवर सी भाषेतल्या तीन प्रोसेस. पहिली सिरिअल पोर्टवरून इंडिकेटरचं वजन वाचते, दुसरी पावती छापते, तिसरी बाहेरच्या बोर्डावर आकडा दाखवते. तिघींमध्ये शेअर्ड मेमरीचा (तिघींनाही वाचता-लिहिता येणाऱ्या मेमरीचा) एक तुकडा आहे, त्यात गाडी नंबर, वजन आणि वेळ. त्यावर नाव दिलेला (नेम्ड) पॉसिक्स सेमाफोर लावलाय, म्हणजे एका वेळी एकीनेच तिथे हात घालावा यासाठी युनिक्सच्या पॉसिक्स मानकातली सोय.

वजन वाचणारी प्रोसेस कधी अडकली की वॉचडॉग (लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) तिला किल -९ करतो, म्हणजे जागच्या जागी मारून टाकतो. नेमका त्या वेळी सेमाफोर तिच्याकडे असला की पावतीवाली कायमची थांबते. पहिली परत सुरू केली तरी काही होत नाही. सगळं बंद करून सेमाफोर पुसावा लागतो, तोवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. सेमाफोर काढून टाकावा तर एका गाडीचा नंबर आणि दुसरीचं वजन, अशी पावती निघण्याची भीती. शेतकऱ्याचं बिल त्या कागदावर ठरतं हो. गळीत हंगामाच्या आत हे नीट करायचंय.

मिरज_जंक्शन
सेमाफोर म्हणजे नुसता आकडा. तो कुणी कमी केला याची नोंद कुठेच नसते, त्यामुळे घेणारा मेला तरी आकडा शून्यावरच राहतो. आणि त्या नावाचा सेमाफोर आधीपासून असेल तर सेम_ओपन करताना दिलेली सुरुवातीची किंमत विचारातच घेतली जात नाही. म्हणून रीस्टार्टचा उपयोग होत नाही.

शेअर्ड मेमरीतच पीथ्रेड लायब्ररीचं म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) ठेवा आणि त्याला दोन गुणधर्म द्या: प्रोसेस-शेअर्ड आणि रोबस्ट. पहिला विसरलात तर एका प्रोसेसने लॉक सोडलं तरी दुसरीतली झोपलेली उठेलच असं नाही. दुसऱ्यामुळे मालक मेला की पुढच्याला लॉक मिळतं, सोबत 'ईओनरडेड' हा कोड येतो. रोबस्ट म्युटेक्स २००८ च्या पॉसिक्समध्ये आलंय, लिनक्स कर्नलचा आधार त्याच्याही आधीपासून, २.६.१७ पासून आहे.

खरं काम तो कोड आल्यावर सुरू होतं. मेलेल्या प्रोसेसने वजन लिहिलं पण नंबर लिहायचा राहिला, असं असू शकतं. तुमच्या कामात दुरुस्तीचा प्रयत्न करूच नका. ती नोंद सरळ अवैध करा, मग पीथ्रेड_म्युटेक्स_कन्सिस्टंट म्हणा, मग लॉक सोडा, आणि नवं वजन येईपर्यंत पावती छापू नका. कन्सिस्टंट न म्हणता सोडलंत तर ते म्युटेक्स कायमचं निकामी होतं. पुढे प्रत्येकाला 'ईनॉटरिकव्हरेबल' मिळत राहील.

कराडकर
वरचं बरोबर आहे, पण सोपा रस्ताही आहे: एका फाइलवर फ्लॉक, म्हणजे फाइलीचं लॉक. प्रोसेस कशीही मेली तरी तिच्या फाइली बंद होतात आणि लॉक आपोआप सुटतं. मात्र फाइल प्रत्येक प्रोसेसने स्वतः उघडायची. फोर्कच्या (एका प्रोसेसमधून दुसरी काढण्याच्या) आधी उघडली तर आईचं आणि मुलाचं लॉक एकच धरलं जातं, कुणी कुणाला अडवतच नाही. शिवाय आधीचा मेला हे पुढच्याला कळत नाही, म्हणून नोंद पूर्ण आहे की नाही याची खूण तुम्हालाच ठेवावी लागेल.

कृष्णाकाठ, सांगली
दोघांचेही आभार. बोर्डवाली प्रोसेस फक्त वाचते. तिला लॉक न घेता वाचू दिलं तर? व्हेरिएबल व्होलाटाइल केलंय, म्हणजे कंपायलर ते दर वेळी मेमरीतूनच वाचेल. कॉम्प्युटर रास्पबेरी पाय आहे.

मिरज_जंक्शन
व्होलाटाइलवर विसंबू नका. ते कंपायलरपुरतं असतं, आणि एआरएमवर (रास्पबेरी पायचा प्रोसेसर त्याच जातीचा) एका कोअरने केलेली दोन लेखनं दुसऱ्या कोअरला उलट्या क्रमाने दिसू शकतात. लॉक नकोच असेल तर एक क्रमांक ठेवून, तो लिहिण्याआधी विषम आणि लिहून झाल्यावर सम करायची पद्धत आहे. वाचणारा आधी आणि नंतर क्रमांक बघतो, तोच आणि सम असेल तरच आकडा खरा धरतो. त्यातही अ‍ॅटॉमिक (अर्धवट न दिसणारी लेखनं) आणि मेमरी बॅरिअर (लेखनांचा क्रम राखणाऱ्या सूचना) लागतातच, आणि लिहिणारा मध्येच मेला तर क्रमांक विषमच राहतो. सेकंदाला मोजकी वजनं येणाऱ्या काट्याला एवढी यातायात कशाला? बोर्डालाही तेच म्युटेक्स घेऊ द्या. फक्त लॉक हातात असताना सिरिअल पोर्ट वाचायचा नाही किंवा छपाई करायची नाही. नोंदीची प्रत घ्या, लॉक सोडा, मग छापा.

औंध_सातारा
मी तर म्हणेन शेअर्ड मेमरीच काढा. युनिक्स डोमेन सॉकेटवर (एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधला निरोपाचा मार्ग) पूर्ण नोंद एका डेटाग्राममध्ये, म्हणजे एकाच निरोपात, पाठवा. ती अख्खी पोचते किंवा पोचतच नाही, अर्धी कधीच येत नाही. पण हंगाम तोंडावर असताना रचना बदलायला मीही घाबरेन. यंदा रोबस्ट म्युटेक्स, पुढच्या वर्षी सॉकेट.

कृष्णाकाठ, सांगली
पटलं, तसंच करतो. म्युटेक्स इनिशिअलाइज कुणी करायचं? तिन्ही प्रोसेस एकदम सुरू होतात.

मिरज_जंक्शन
फक्त एकीने. एसएचएम_ओपन (शेअर्ड मेमरी उघडणारं फंक्शन) करताना ओ_क्रिएट आणि ओ_एक्स्क्ल दोन्ही द्या, म्हणजे तुकडा तयार करण्यात एकीलाच यश येईल. जिला यश मिळालं तिने आकार ठरवून म्युटेक्स तयार करायचं आणि शेवटी 'तयार' ही अ‍ॅटॉमिक खूण लावायची. बाकीच्यांनी आधी आकार शून्याच्या वर गेलाय ना ते बघायचं, मग त्या खुणेची वाट बघायची. आणि त्या तुकड्यात पॉइंटर ठेवू नका, प्रत्येक प्रोसेसमध्ये त्याचा पत्ता वेगळा असू शकतो.

काट्यावर बसवण्याआधी चाचणी घ्या: लॉक घेतल्यावर मुद्दाम दहा सेकंद झोपणारी आवृत्ती बनवा, नंबर लिहून झाल्यावर पण वजन लिहायच्या आधी तिला किल -९ करा, आणि पावतीवाली काय छापते ते बघा. काहीच छापायला नको.