नॅनोमीटर: माप की नुसतं बारसं?

टाकाऊ_ट्रान्झिस्टर:
मित्र फोन घेत होता. म्हणाला, "३ नॅनोमीटरच्या चिपचाच हवा, ४ चा आता जुना." मी विचारलं, ३ म्हणजे नेमकं काय ३? गडी गप्प! त्याची तरी काय चूक? '३ नॅनोमीटर' म्हणवणाऱ्या चिपमध्ये शेजारशेजारच्या दोन गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर, अर्थात चिपमधला इवलासा स्विच, चालू-बंद करणारा भाग) अंतर ४५-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. आकडा आणि गेटची लांबी यांचं नातं नव्वदच्या दशकाअखेरच तुटलं. आता ते नाव आहे, माप नव्हे.

चिपा बनवणाऱ्या दोन कंपन्या घ्या: इंटेलची १० नॅनोमीटरची पद्धत आणि तैवानच्या टीएसएमसीची ७ ची. ट्रान्झिस्टरची दाटी जवळपास सारखी, चौरस मिलिमीटरला ९ ते १० कोटी. पण लोकांच्या मनात १० वाला मागासलेला. शेवटी जुलै २०२१ मध्ये इंटेलने 'एन्हान्स्ड सुपरफिन' या सुधारित १० चं नाव 'इंटेल ७' करून टाकलं. माल तोच, पाटी नवी.

कडू_कारलं:
बारशाचं पटलं, पण इंटेलला मार बसला तो नावापायी नव्हे, उशिरापायी. १० नॅनोमीटर वर्षानुवर्षं रखडली. जुलै २०२० मध्ये पुढची ७ सुद्धा सहा महिने लांबणार म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शेअर १६ टक्के आपटला. स्पर्धक एएमडीचा साधारण तेवढाच वर गेला. बाजार वेळापत्रक वाचत होता हो, पाटी नाही.

टाकाऊ_ट्रान्झिस्टर:
मग वर्षभरात पाटी रंगवायची घाई का झाली?

कडू_कारलं:
कारण बाकीच्यांनी आधीच रंगवल्या होत्या. सगळे फुगवून सांगताना एकट्याने खरं सांगितलं तर तो मूर्ख ठरतो. शिवाय एकाच कंपनीच्या ५ वरून ३ वर गेलात तर वीज खरोखर कमी लागते. आकडा अगदीच पोकळ नाही.

जुना_पापी:
पोरांनो, आमच्या वेळी हेच गिगाहर्ट्झचं, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या वेगाचं होतं. इंटेलच्या पेंटियम ४ चा आकडा मोठा, म्हणून तोच वेगवान! वैतागून एएमडीने २००१ मध्ये ॲथलॉन एक्सपी '१८००+' नावाचा प्रोसेसर काढला. प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झ. काम चोख करायचा, पण १.५३ ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडणार, म्हणून हे नाव.

सोल्डरवाली:
गिऱ्हाईक इतकंही भोळं नसतं. २०१५ चा आयफोन ६एस आठवा. एकच ए९ चिप, काही फोनांत सॅमसंगची १४ ची, काहींत टीएसएमसीची १६ ची. लोकांनी ॲप टाकून आपल्या फोनात कुठली ते शोधलं, चाचण्या लावल्या आणि बोंब ठोकली ती १४ वाल्यांनी, बॅटरी लवकर उतरते म्हणून! ॲपल म्हणाली, रोजच्या वापरात फरक २-३ टक्क्यांचा. म्हणजे मोजायला मिळालं की छोट्या आकड्याची भुरळ उतरते.

टाकाऊ_ट्रान्झिस्टर:
२-३ टक्क्यांसाठी बोंब ठोकली, यातच सगळं आलं की!

सोल्डरवाली:
बरं, तेही मान्य. पण मला चीड येते ती गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या टाटांच्या चिप कारखान्याला "२८ नॅनोमीटर? भंगार!" म्हणून हसणाऱ्यांची. २०२१ मध्ये मोटारी कारखान्यांतच अडकल्या त्या मुख्यतः असल्याच 'जुन्या' चिपा मिळेनात म्हणून. वॉशिंग मशीनला ३ चं काय लोणचं घालायचंय?

कडू_कारलं:
इथे मात्र शंभर टक्के सहमत. बाकी, त्या मित्राने शेवटी कुठला घेतला?

टाकाऊ_ट्रान्झिस्टर:
४ चा. त्यावर कॅशबॅक होता.