साहित्य + सिनेमा + लोकप्रिय संस्कृती असा पेपर शिकवायचाय, काय ठेवू काय काढू?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. येत्या सेमिस्टरला हा पेपर पहिल्यांदाच माझ्याकडे आलाय. आत्तापर्यंत कविता आणि समीक्षा शिकवली, सिनेमा वर्गात कधी दाखवलेला नाही. वेळ १२ आठवडे, आठवड्याला २ तास, तास ५० मिनिटांचा म्हणजे हजेरी वगैरे जाऊन ४५ धरा. मुलं ४०, तीन वेगवेगळ्या विभागांतली. संध्याकाळी हॉल मिळत नाही आणि घरी बघून या म्हटलं तर निम्मे बघत नाहीत असं आधीच्या मॅडम सांगून गेल्यात, त्यामुळे जे काही करायचं ते या २४ तासांतच. सिलॅबसमध्ये एक छोटी कादंबरीही ठेवता येते पण सगळे म्हणतात काढून टाक, कोणी वाचत नाही. तर काय दाखवू, काय वाचायला देऊ, इंटर्नल कशी घेऊ?

रीळवाला
ताई, एकच सांगतो, सिनेमा तुकड्यातुकड्यांत दाखवू नका. मी १४ वर्षं हा विषय शिकवतोय, सेमिस्टरला ११ सिनेमे पूर्ण दाखवतो, शनिवारी सकाळी हॉल घेतो, मुलं आपणहून येतात, पास झालेलीसुद्धा येतात. पथेर पांचाली अंधारात सलग बघितल्यावर जो परिणाम होतो तो क्लिपने होणार नाही. हॉलसाठी अर्ज करा, पाठपुरावा केला की मिळतो.

अर्धविराम
रीळवाला सर, त्यांनी स्पष्ट लिहिलंय हॉल नाही. २४ तास गुणिले ४५ म्हणजे १०८० मिनिटं, १८ तास झाले. दोन तासांचे ११ सिनेमे म्हणजेच २२ तास, मग शिकवायचं कधी?
ताई, माझा सल्ला, एकच पूर्ण सिनेमा घ्या आणि तो कुरोसावाचा जपानी राशोमोन (१९५०) घ्या, एका खुनाच्या जबान्यांचा. ८८ मिनिटांचा आहे, दोन तासांत बरोबर बसतो. ज्या कथेवर आहे ती काही पानांचीच, एका तासात वर्गात वाचून होते. कथेत सात जबान्या आहेत आणि निवाडा कोणीच देत नाही. सिनेमात साक्षीदार अंगणात बसून थेट आपल्याकडे बघत बोलतात, न्यायाधीश दिसत नाही की ऐकू येत नाही, त्यामुळे ती खुर्ची आपोआप बघणाऱ्याची होते. मी मुलांना विचारते, न्यायाधीश कुठे बसलाय? मिनिटभर कोणी बोलत नाही, मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, आपणच की. रूपांतर म्हणजे काय हे मला त्यानंतर समजवावं लागलेलं नाही.

मधली_सुट्टी
राशोमोनला अनुमोदन. ती कथापण राशोमोनच ना? छोटी आहे, वेशीवर पाऊस पडतोय ती.

अर्धविराम
नाही, इथे खूप जण फसतात. अकुतागावा या जपानी लेखकाच्या दोन कथा आहेत. राशोमोन ही १९१५ ची, तिच्यातून नाव आणि ती पडकी वेस घेतली. खून आणि जबान्या १९२२ च्या ‘झाडीत’ या अर्थाच्या नावाच्या दुसऱ्या कथेतून. लाकूडतोड्याची दुसरी साक्ष आणि शेवटचं बाळ हे सिनेमानं घातलेलं. दोन्ही कथा द्या आणि मुलांनाच शोधू दे काय कुठून आलं, एक असाइनमेंट तिथेच झाली.

चौथा_बाक
राशोमोन छान आहेच पण त्यात बलात्कार आहे हे कोणी बोलत नाहीये. मी विद्यार्थिनी असताना आम्हाला काहीही न सांगता असाच एक सिनेमा दाखवला होता, माझी मैत्रीण उठून बाहेर गेली आणि सरांनी गैरहजेरी मांडली. आधीच्या तासाला सांगा, नको असेल त्याला फक्त कथेवर लिहायची मुभा द्या. कथेतही ते आहेच, पण वाचताना थांबता येतं.

शाईचा_डाग
हे फार महत्त्वाचं सांगितलंत, मनात आलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सांगेन.

मूळ_ग्रंथ_वाचा
सिनेमा कुठला हा प्रश्नच दुय्यम आहे. आधी पाया. अडोर्नो आणि होर्कहायमर या जर्मन विचारवंतांचं संस्कृती-उद्योगावरचं, म्हणजे करमणूक कारखान्यातल्या मालासारखी बनते यावरचं प्रकरण, १९४० च्या दशकातलं, मग प्रेक्षक टीव्हीचा संदेश कसा वाचतो यावरचा स्टुअर्ट हॉलचा १९७३ चा निबंध, मग सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा लॉरा मल्व्हीचा १९७५ चा. निदान पाच आठवडे फक्त सिद्धांत, नाहीतर मुलं ‘मला आवडलं’ ‘मला नाही आवडलं’ यापलीकडे जात नाहीत. आणि लोकप्रिय संस्कृती हा शब्दही चुकीचा आहे, जनसंस्कृती म्हणा.

कॉमिक्सवेडा
जनसंस्कृती म्हटलं की लोकांनी स्वतः घडवलेली असं वाटतं, आणि उद्योगानं बनवून विकलेली हे तर तुमच्याच अडोर्नोचं म्हणणं आहे. मग लोकप्रियच बरोबर.

मूळ_ग्रंथ_वाचा
लोकप्रिय म्हणजे लोकांना प्रिय, हा निवाडा झाला, वर्णन नाही.

कॉमिक्सवेडा
यावर वेगळा धागा काढा, मी येतो. ताई, तुम्ही कॉमिक्स घ्या, कोणीच सुचवत नाहीये. दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेला गटर म्हणतात, त्या गटरमध्ये काय घडलं ते वाचणारा स्वतः भरतो. पहिल्या चौकटीत उचललेला हात, दुसरीत फुटलेली काच, मधलं आपण बघितलेलंच नसतं. हे कळलं की सिनेमातला कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं, समजायला दहा मिनिटं पुरतात. आणि प्रोजेक्टर लागत नाही, झेरॉक्स पुरते.

रीळवाला
कट समजवायला कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग पुरेसा आहे. तोच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर, आणि लोक म्हणाले काय अभिनय केलाय! मी दरवर्षी वर्गातल्याच एका मुलाचा चेहरा फोनवर शूट करून हे करतो. दहा मिनिटांचं काम.

मधली_सुट्टी
हे रीळवाला सरांचं भारी आहे, नक्की करा. हॉलचं मात्र मीपण तेच म्हणेन, नसतो मिळत. मी चार वर्षं अर्ज करतेय.

वायर_सापडली
सिनेमा कुठलाही घ्या, आवाजाचं बघा! मी लॅपटॉपच्या स्पीकरवर ६० मुलांना एक पूर्ण सिनेमा दाखवला, तिसऱ्या रांगेनंतर कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं, हे मला पेपर तपासताना कळलं. नंतर स्वतःचा स्पीकर घेतला, आता कुठेही जाताना बरोबर असतो. पडदे आहेत का ते दुपारच्या उन्हात बघून या, सकाळी नाही. नेटवरून चालवू नका, फाइल ड्राइव्हवर ठेवा, आणि आपल्याकडे काय दाखवायची परवानगी आहे ते लायब्ररीत विचारा. सबटायटल्स आदल्या दिवशी पूर्ण चालवून बघा, मधूनच दोन सेकंद मागे पडतात आणि सगळा वर्ग वैतागतो.

चौथा_बाक
सबटायटल्सवरून आठवलं, आमच्या एका मॅडम तीन मिनिटांचा सीन तीनदा लावायच्या. एकदा सबटायटल्ससकट, एकदा त्या बंद करून, कारण पहिल्यांदा डोळे पडद्याच्या तळाशीच असतात, आणि एकदा आवाज बंद करून. तिसऱ्या वेळी आम्ही पहिल्यांदा प्रकाश बघितला. तो पेपर संपून नऊ वर्षं झाली, मी अजून तसंच बघते.

अर्धविराम
हाच सीन इंटर्नलला द्या. कट किती, कॅमेरा कुठे ठेवलाय, कधी हलतो, आवाज कुठून येतो, वर्गातच हाताने ३०० शब्द. ‘या चित्रपटात असे दाखवले आहे की’ हे वाक्य चालणार नाही असं आधीच सांगून टाका. गोष्ट सांगणं बंद झालं की मुलं बघायला लागतात. पहिल्या खेपेला निम्म्यांचं फसतं, म्हणून दोनदा घ्या आणि दुसऱ्या खेपेचेच मार्क धरा.

मूळ_ग्रंथ_वाचा
हे बरोबर आहे. स्टुअर्ट हॉलच्या तीन वाचनांची जोड द्या, बनवणाऱ्याला हवं तसं, तडजोडीचं, आणि विरोधी. एकच जाहिरात तीन गटांना द्यायची. त्याला एक तास पुरतो, हे मला मान्य करायला हवं.

रीळवाला
वेळच कमी असेल तर ला जेते हा फ्रेंच सिनेमा बघा, १९६२ चा, २८ मिनिटांचा, जवळजवळ पूर्ण स्थिर फोटोंचा. एकच शॉट हलतो, झोपलेली बाई डोळे उघडते. मी तो शनिवारी दोन मोठ्या सिनेमांच्या मध्ये लावतो. आणि कादंबरीचं म्हणाल तर काढाच, मी सात वर्षांपूर्वी काढली.

मधली_सुट्टी
ला जेते +१. कादंबरी काढायलाही +१. मी ठेवली होती, ४५ पैकी ६ जणांनी वाचली, बाकीच्यांनी गाइड.

कॉमिक्सवेडा
काढा.

शाईचा_डाग
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस वही घेऊन बसले होते. ठरलं ते सांगते. राशोमोन आणि दोन्ही कथा घेतेय, आधी सूचना देऊन. कुलेशोव, तीनदा लावायचा सीन, जाहिरातीचा तास, हे सगळं घेतलं. कॉमिक्सचं एक पान पण. ला जेते या वर्षी नाही.
कादंबरी मात्र ठेवतेय. सगळ्यांनी काढ म्हटलंय हे कळतंय, रागावू नका. पण इथे सगळे म्हणतायत की पोरं घरी वाचत नाहीत, आणि घरी सिनेमा पण बघत नाहीत, म्हणून आपण सिनेमा वर्गात आणतो. मग पुस्तक का नाही आणत? रोज पहिली १५ मिनिटं मोठ्यानं वाचायचं, आळीपाळीनं. २४ तासांचे ३६० मिनिटं होतात, मिनिटाला १०० शब्द धरले तरी ३६,००० शब्द, छोटी कादंबरी त्यात संपते. कविता शिकवताना मी हे केलंय, जो मुलगा कधी तोंड उघडत नव्हता त्यानं एकदा एक कडवं वाचलं आणि चुकलेल्या शब्दावर थांबून परत मागून सुरू केलं, कोणी हसलं नाही. मला तसं सबंध पुस्तक ऐकायचंय.

रीळवाला
रोजची १५ मिनिटं म्हणजे तुमचे १८ पैकी ६ तास गेले. राशोमोनच्या दोन तासांना काय करणार, तो ८८ मिनिटांचा आहे.

शाईचा_डाग
हो, त्या दोन दिवशी वाचन नाही. ३३० मिनिटं म्हणजे ३३,०००. तरी बसते.

चौथा_बाक
कुठली कादंबरी?

शाईचा_डाग
दोन मनात आहेत. उद्या लायब्ररीत प्रती मोजून येते, मग लिहिते.