"टीम्सनी एकमेकांशी बोलायची गरजच उरत नाही" म्हणे! (गव्हर्नन्सच्या नव्या फीचर्सबद्दल)

रात्रपाळी (धागाकर्ता)

डेटादूत यांनी काल काफ्कावरच्या (एका सिस्टीमचे मेसेज दुसऱ्यांपर्यंत पोचवणारा प्लॅटफॉर्म) गव्हर्नन्स, म्हणजे डेटाला शिस्त लावणाऱ्या, साधनांत आलेल्या सुधारणांचं कौतुक करणारी पोस्ट टाकली. स्कीमासोबत (मेसेजमधली फील्ड आणि त्यांचे प्रकार) लिहिता येणारे नियम, फील्डवरचे टॅग, टॅगवरून होणारं एन्क्रिप्शन, डेटा कुठून कुठे गेला याचा, मागच्या तारखेचाही, प्रवाह दाखवणारा लिनिएज, कॅटलॉगमधला शोध. इथवर ठीक. पण शेवटचं वाक्य असं: "डेटाचा करार एकदा रजिस्ट्रीत गेला की टीम्सनी एकमेकांशी बोलायची गरजच उरत नाही." (रजिस्ट्री म्हणजे स्कीमा नोंदायची जागा.) तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला होता, तो एवढा वाढला की वेगळा धागा काढतोय.

आमच्याकडे एका प्रोड्युसर (मेसेज पाठवणाऱ्या) टीमने घटनेची वेळ मिलिसेकंदांऐवजी सेकंदांत पाठवायला सुरुवात केली. फील्डचं नाव तेच, प्रकार तोच लाँग. स्कीमा बदललाच नाही, मग जुन्या-नव्याचा मेळ (कंपॅटिबिलिटी) तपासणार कशाचा? रजिस्ट्री हिरवी, ब्रोकर (मेसेज साठवणारा सर्व्हर) हिरवा, कन्झ्युमर लॅग (वाचणाऱ्यांचं मागे पडणं) शून्य. आणि खाली अहवालात सगळ्या घटना जानेवारी 1970 मध्ये (वेळ तिथूनच मोजतात) घडलेल्या! विंडो (ठरावीक कालखंड) लावून बेरीज करणारा जॉब त्यांना "उशिरा आलेल्या" समजून निमूट टाकून देत होता, एकही एरर न दाखवता. पहाटे फोन प्रोड्युसरला गेला नाही. मला आला.

आता म्हणाल, नवे नियम आहेत ना. आहेत. पण ते चालतात कुठे? क्लायंटच्या सिरियलायझरमध्ये, म्हणजे मेसेजचे बाइट्स बनवणाऱ्या कोडमध्ये. ज्याने नियम पाळायचे, तपासणीही त्याच्याच हातात. कोणी दुसरी लायब्ररी घेतली किंवा बाइट्स स्वतःच जुळवून पाठवले की नियम गेले उडत. ब्रोकरवरची स्कीमा तपासणी म्हणजे मेसेजच्या सुरुवातीचा मॅजिक बाइट (खुणेचा बाइट) आणि त्यामागचा चार बाइट्सचा स्कीमा आयडी. हा आयडी त्या टॉपिकसाठी (मेसेजच्या रांगेसाठी) नोंदलेला आहे का, बस. पुढे आत काय भरलंय ते ब्रोकर उघडून बघत नाही.

ह्या सगळ्यात कामाची गोष्ट एकच: प्रोड्युसरच्या बिल्डमध्येच मोडका स्कीमा अडवणं. आणि ती जुनी आहे. बाकी रंगरंगोटी.

डेटादूत

वाक्य अर्धं उचललंत. त्याआधी "रोजच्या बारीकसारीक बदलांसाठी" असं होतं. असो, सवय आहे.

तुमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. सीईएलमध्ये (अटी लिहायची छोटी भाषा) एक ओळ: वेळ 1000000000000 पेक्षा मोठी हवी. मिलिसेकंद असतील तर पास, सेकंद असतील तर पहिल्याच मेसेजला प्रोड्युसरच्या तोंडावर एक्सेप्शन. ही ओळ असती तर तुमची झोप मोडली नसती.

आणि मायग्रेशनच्या नियमांबद्दल चकार शब्द नाही तुमच्या पोस्टमध्ये. पूर्वी एक फील्ड फोडून दोन करायची तर नवा टॉपिक, दोन्हीकडे लिहिणं, मग एकेका कन्झ्युमरच्या मागे लागणं. आता जुन्या आवृत्तीवरून नवीवर आणि नवीवरून जुनीवर न्यायचा नियम जेसोनाटात (मेसेजचं रूप बदलायची भाषा) लिहायचा, कंपॅटिबिलिटी गट वेगळा करायचा, झालं. टॉपिक तोच, जुना कन्झ्युमर जुन्याच रूपात वाचतो. ही रंगरंगोटी?

रात्रपाळी

ती एक ओळ लिहिणार कोण? सेकंदच बरोबर आहेत असं ज्या टीमला मनापासून वाटतंय, ती? नियम सुचायला आधी कोणीतरी विचारावं लागतं की बाबा, हे कशात मोजलंय. त्यालाच बोलणं म्हणतात.

स्कीमाताई

रजिस्ट्री मी सांभाळते, त्यामुळे दोघांवरही माझा राग आहे.

पहिलं. डीफॉल्ट कंपॅटिबिलिटी बॅकवर्ड असते. बॅकवर्ड म्हणजे नवा स्कीमा घेतलेला कन्झ्युमर जुना डेटा वाचू शकतो, म्हणजे आधी कन्झ्युमर अपग्रेड करायचे, मग प्रोड्युसर. हे ऐकून "हो का?" म्हणणारे आर्किटेक्ट मी पाहिलेत. उलट्या क्रमाने डिप्लॉय करतात आणि मग "रजिस्ट्रीने पास कसं केलं" म्हणून माझ्याकडे येतात.

दुसरं, ऑटो-रजिस्टर, म्हणजे नवा स्कीमा आपोआप नोंदला जाणं. क्लायंटमध्ये मुळातच चालू असतं. कोणाच्या तरी लॅपटॉपवरून "टेस्ट2" नावाचं फील्ड थेट प्रॉडक्शनच्या सब्जेक्टमध्ये (स्कीमाच्या आवृत्त्यांची नोंद). ते बंद करा म्हटलं की मी विकासाच्या आड येते.

तिसरं, कॅटलॉग. डेटादूत, शोध फार छान चालतो हो. "स्टेटस" शोधलं की ढीगभर फील्ड येतात. वर्णनात काय? "स्टेटस." मालक कोण? नोकरी सोडून गेलेला माणूस. आणि तो लिनिएज! जावा क्लायंटला आयडी दिला नाही तर तो स्वतःच "प्रोड्युसर-1" नाव घेतो. आमच्याकडे निम्म्या टीम्सनी दिलेला नाही. त्यामुळे नकाशावर सगळीकडे प्रोड्युसर-1. मागच्या तारखेचा लिनिएज बघितला तर मागच्या तारखेचा प्रोड्युसर-1.

नवशिका

एक शंका. आम्ही स्कीमा वापरतच नाही, साधा जेसन पाठवतो. आता रजिस्ट्रीवर जायचं ठरतंय. सुरुवातीला कोणता कंपॅटिबिलिटी मोड ठेवावा?

जुनं_खोड

जाऊ नका. सुखात आहात. निदान काय तुटलंय हे माहीत नसल्याचं समाधान तरी आहे.

ऑफसेटराव

एवढी रडारड कशासाठी ते कळत नाही. नियमाला डीएलक्यूची (नाकारलेल्या मेसेजच्या वेगळ्या टॉपिकची) ॲक्शन लावता येते. मोडका मेसेज बाजूला, मुख्य प्रवाह चालू, सकाळी ऑफिसला आल्यावर बघा. रात्रपाळींची झोपही शाबूत. विषय संपला.

जुनं_खोड

इथेच थांबा. "सकाळी बघा." कोण बघतं हो? डीएलक्यू म्हणजे घराचा माळा. ठेवताना वाटतं कधीतरी काढू. आमच्या एका टॉपिकच्या डीएलक्यूला कोणी रिटेन्शन (मेसेज ठेवायची मुदत) दिलीच नव्हती, म्हणजे काफ्काची डीफॉल्ट 168 तास. ऑडिटवाल्यांनी मागच्या महिन्यातले नाकारलेले मेसेज मागितले तेव्हा टॉपिक स्वच्छ! मॅनेजर खूश, म्हणाला बघा, एकही चूक नाही.

ऑफसेटराव

रिटेन्शन सेट केली नाही हा डीएलक्यूचा दोष? चाकात हवा नाही म्हणून गाडीला शिव्या द्या आता.

जुनं_खोड

बरं, दिली रिटेन्शन. पुढे? रीप्ले करणार ना, म्हणजे अडकलेले पुन्हा पाठवणार? तर ऐका.

कॉम्पॅक्टेड टॉपिक (प्रत्येक कीचा शेवटचाच मेसेज ठेवणारा), की म्हणजे ग्राहक क्रमांक, व्हॅल्यू म्हणजे ग्राहकाची ताजी माहिती. एका ग्राहकाचा बदल नियमात अडकून डीएलक्यूत गेला. ग्राहकाने तोवर पुन्हा पत्ता बदलला, तो मेसेज नीट होता, मुख्य टॉपिकवर आला. मग एका कर्तव्यदक्ष मुलाने डीएलक्यू "साफ" करायला घेतला. अडकलेले मेसेज दुरुस्त करून त्याच टॉपिकवर पाठवले. आता शेवटचा ऑफसेट (मेसेजचा अनुक्रमांक) कोणाचा? जुन्या पत्त्याचा. कॉम्पॅक्शन आपलं काम चोख करतं: शेवटचा ठेवला, आधीचा, म्हणजे खरा, पुसला. एरर शून्य. स्कीमा बरोबर. सीईएल बरोबर. लिनिएजवर सुंदर बाण.

डीएलक्यूने क्रम मोडतो. ज्या टॉपिकवर कीनुसार क्रमाला अर्थ आहे तिथे मोडका मेसेज बाजूला काढून पुढे जाणं म्हणजे डेटा खराब करायचा परवाना. थांबा. लाल दिवा लावा. कोणालातरी उठवा.

रात्रपाळी

"कोणालातरी" म्हणजे मला.

ऑफसेटराव

म्हणजे एका टुकार मेसेजसाठी अख्खं पार्टिशन (टॉपिकचा एक भाग) अडवायचं? त्यात हजारो दुसऱ्या की आहेत, त्यांनी काय पाप केलं? तुम्ही कधी जास्त रहदारीचा टॉपिक चालवलाय का, का रोज शंभर मेसेजवर तत्त्वज्ञान चाललंय? आणि तुमच्या पोराने इव्हेंटची आवृत्ती न बघता रीप्ले केलं. व्हॅल्यूत बदलाचा क्रमांक ठेवा, जुना असेल तर टाकून द्या. साधी गोष्ट.

जुनं_खोड

रहदारीचं माप काढायचं असेल तर वैयक्तिक निरोप पाठवा, इथे शोभत नाही. आणि क्रमांक बघून जुना मेसेज टाकतो कोण? कन्झ्युमर. कॉम्पॅक्शनला तुमच्या व्हॅल्यूतला क्रमांक दिसत नाही, त्याला ऑफसेट कळतो. नवा कन्झ्युमर सुरुवातीपासून वाचायला बसला की त्याला फक्त जुना पत्ता मिळणार. साधी गोष्ट.

ऑफसेटराव

मग रीप्ले करणाऱ्या जॉबने पाठवायच्या आधी ताजी स्थिती बघावी. सगळं मीच सांगायचं का?

कोरडा_लॉग

तुम्ही दोघं वेगवेगळ्या टॉपिकबद्दल भांडताय. क्लिकसारख्या सुट्या घटना असतील तर ऑफसेटराव बरोबर, डीएलक्यूत टाका आणि पुढे चला. एकाच कीवर स्थिती घडत जात असेल तर जुनं_खोड बरोबर.

मधला मार्गही आहे: एक की अडकली की त्याच कीचे पुढचे मेसेजही बाजूला धरायचे, बाकीच्या की चालू. आम्ही केलंय. वाचायला छान वाटतं. पण अडकलेल्या कींची यादी कुठेतरी ठेवावी लागते, ती रीस्टार्टनंतर टिकावी लागते, पार्टिशन दुसऱ्या इन्स्टन्सकडे गेलं तर सोबत जावी लागते, आणि सोडताना आत थांबलेले आणि नव्याने येणारे मेसेज एकमेकांत घुसू नयेत हे बघावं लागतं. थोडक्यात एक छोटी सिस्टीम. जुळत नसेल तर सरळ थांबा.

अवांतर: मूळ प्रश्न फीचर्सचा होता.

किल्ली_हरवली

मूळ प्रश्नावर येते. वर सगळे टॅगला हसलात. गोपनीयतेचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांना विचारा. पूर्वी प्रत्येक कन्झ्युमरला "हे फील्ड साठवू नका" अशी विनंती पाठवायचो. विनंती! आता स्कीमात फील्डवर खासगी असल्याचा टॅग, नियम म्हणतो टॅग असेल तर एन्क्रिप्ट कर, किल्ली केएमएसमध्ये (किल्ल्या सांभाळणारी सेवा). ज्याला किल्ली वापरायची परवानगी नाही त्याला बाकीचा मेसेज दिसतो, ते फील्ड म्हणजे नुसती अगम्य अक्षरं. ब्रोकरलाही वाचता येत नाही. हे क्लायंटमध्ये होतं म्हणूनच होतं, रात्रपाळी. तुम्ही ज्याला दोष म्हणालात तोच इथे मुद्दा आहे.

रात्रपाळी

बरं. एन्क्रिप्शन रंगरंगोटी नाही. फ्रेम करून लावा.

पण पूर्ण सांगा. युरोपच्या जीडीपीआर या गोपनीयता कायद्यात कलम 17 आहे, माणसाने म्हटलं की त्याचा डेटा पुसायचा. विक्रेते सांगतात, किल्ली नष्ट करा, डेटा आपोआप गेला. कोणाची किल्ली? ती अख्ख्या टॉपिकला एकच असेल तर एकासाठी सगळ्यांना गाडणार? माणसागणिक किल्ली हवी असेल तर ते बांधकाम तुमचं तुम्ही करा. आणि ईमेलवर जॉइन करणारे (दोन याद्या जोडणारे) जॉब? साध्या एन्क्रिप्शनने तोच ईमेल दर वेळी वेगळा दिसतो, जॉइन मेला.

किल्ली_हरवली

डिटरमिनिस्टिक अल्गोरिदम निवडता येतो, तोच ईमेल तसाच एन्क्रिप्ट होतो, जॉइन चालतो. हो, त्यातून कोण किती वेळा आलं हे उघड होतं, त्यामुळे विचार करून वापरायचं. माणसागणिक किल्लीबद्दल सहमत, ते बटण दाबून मिळत नाही. पण "पूर्ण नाही" आणि "रंगरंगोटी" यांत फरक आहे की नाही?

स्कीमाताई

आणि कोणतं फील्ड खासगी आहे ते टॅग करणार कोण? ज्याने वर्णनात "स्टेटस: स्टेटस" लिहिलं तोच ना? आमच्याकडे "शेरा" नावाच्या मोकळ्या फील्डमध्ये लोक फोन नंबर लिहितात. त्याला टॅग नाही. सुचणारही नाही कोणाला.

डेटादूत

सगळ्यांचं ऐकून पोस्टमधलं वाक्य बदललंय. आता "बोलायची गरज बरीच कमी होते" असं आहे. समाधान?

रात्रपाळी

"बरीच" काढा.

डेटादूत

काढणार नाही. पूर्वी कुठलाही बदल म्हणजे सहा टीम्सची मीटिंग, त्यातली निम्मी येत नसत. आता पीआरमध्ये (कोड बदलाच्या प्रस्तावात) स्कीमाचा फरक दिसतो, नियमाचा फरक दिसतो, कन्झ्युमर टीम तिथेच हो-नाही करते. बोलणं झालंच ना? फक्त लेखी. तुम्हाला पहाटेचा फोनच आवडत असेल तर नाइलाज आहे.

ऑफसेटराव

जुनं_खोड, अजून उत्तर नाही. ताजी स्थिती बघून रीप्ले केलं तर काय बिघडलं?

जुनं_खोड

स्थिती बघितली आणि मेसेज पाठवला, ह्या दोन क्षणांच्या मध्ये ग्राहकाने पुन्हा पत्ता बदलला तर? त्या टॉपिकवर एकच लेखक नाही ना आता, दोन झाले. लॉक लावणार? कुठे? बाकी चालू द्या.

नवशिका

माझ्या प्रश्नाचं तेवढं कोणी सांगेल का? मोड कोणता?

कोरडा_लॉग

आधी ऑटो-रजिस्टर बंद करा, स्कीमा फक्त बिल्डमधूनच नोंदला जाऊ दे. मोड फुल ट्रान्झिटिव्ह, म्हणजे नवी आवृत्ती आधीच्या सगळ्या आवृत्त्यांशी दोन्ही बाजूंनी जुळायला हवी. कोण आधी डिप्लॉय करतंय याने फरक पडत नाही आणि कॉम्पॅक्टेड टॉपिकवर कधीचाही मेसेज वाचता येतो. पुढे सैल करणं सोपं. आधी सैल ठेवून नंतर आवळायला गेलात तर मधे घुसलेल्या आवृत्त्या आडव्या येतात.

स्कीमाताई

फुल ट्रान्झिटिव्ह? जेसनवरून येणाऱ्या टीमला, पहिल्याच दिवशी? डीफॉल्टशिवाय एकही फील्ड वाढवता येणार नाही, म्हणून सगळ्या फील्डना नल (रिकामं) डीफॉल्ट लावून मोकळे होतील. मग स्कीमा असून नसल्यासारखा. नवशिका, थांबा, काही लावू नका. रात्री सविस्तर लिहिते.